आखाजीचा हिशेब

खान्देशात शेतीचं वर्ष आखाजीला उलटतं. बाकी महाराष्ट्र अक्षय्य तृतीयेला सराफाकडे जातो. आमच्याकडे त्या दिवशी पितरांची घागर भरतात, माहेरी आलेल्या लेकी झोक्यावर बसतात आणि सालदाराचं साल पुरं होतं. उचल किती घेतली, खाडे किती झाले, धान्य किती नेलं, बाकी काय निघते, हे ओट्यावर बसून बोललं जातं आणि वहीत मांडलं जातं. पुढच्या सालाचा आकडा पटला तर माणूस राहतो, नाही तर दुसरा मालक बघतो. आता सालदार मिळेनासे झालेत, कामं रोजाच्या मजुरांवर आणि ट्रॅक्टरवर निघतात. पण ज्यांच्याकडे अजून सालाचा गडी आहे, त्यांच्याकडे हिशेबाचा दिवस तोच.

हे आधी सांगायचं कारण, पुढचं सगळं बोलणं या हिशेबापाशी येऊन अडणार आहे.

जळगावहून भुसावळला निघालं की हमरस्त्यावर नशिराबाद लागतं. उन्हाळा सुरू झाला की इथल्या गच्च्या भरायला लागतात. कुरडया, पापड, शेवया आणि ज्यांच्यावाचून खान्देशी घराचा पावसाळा निघत नाही ते ज्वारीचे बिबडे. हे एकटीचं काम नाही, म्हणून आज तुझ्याकडे, उद्या माझ्याकडे अशा पाळ्या लागतात. तशी मी शेजारच्या गच्चीवर गेले होते. गच्चीवर तिघी. ऐंशी ओलांडलेल्या जिजी, त्यांची सून, जिला अख्खी गल्ली वहिनी म्हणते, आणि पुण्याहून आखाजीला माहेरी आलेली लेक, आमची ताई. नावं मुद्दाम देत नाही. नशिराबाद आता नगरपरिषद झालं तरी गाव ते गावच.

बिबड्यांचं काम उजाडायच्या आत सुरू करावं लागतं. नऊ वाजले की गच्चीवर पाय ठेववत नाही, मे महिन्यात तर जळगाव-भुसावळ पट्ट्यात पारा पंचेचाळिसाला टेकतो. मोठ्या गंजात मीठ, तिखट, लसूण, तीळ घातलेलं आधण उकळत होतं. त्यात वहिनी भिजवून, वाळवून, दळलेल्या ज्वारीचा भरडा वैरत होती आणि ताई लाकडी दांड्याने घोटत होती. गुठळी राहिली तर बिबड्याला भोक पडतं. घाटा दांड्याला सोडेना झाला की उतरवायचा, ओल्या धोतरावर गोळा टाकायचा आणि पाण्याचा हात लावत लावत पातळ थापायचा. घाटा निवला तर पसरत नाही, म्हणून गरम असतानाच. बोटांचे शेंडे लाल होतात. त्याआधी वाडग्यात घाटा घेऊन वर कच्चं शेंगदाण्याचं तेल ओतून खायचं, हा मात्र सगळ्यांचा हक्क.

ताई वाडगं हातात घेऊन म्हणाली, "वहिनी, मी रोज रात्री एका वहीत पाच गोष्टी लिहिते. आजच्या दिवसात काय चांगलं घडलं ते. आजची पहिली ओळ ठरली. पहाटेचा घाटा."

"लिहा ना ताई. कुणी घोटला तेही लिहा."

"आज तर मीच घोटला."

"म्हणून तर आठवण केली."

ताई हसली. ती पुण्यात एका कंपनीत हिशेब बघते. टोमणा तिला कळतो आणि लागतही नाही, हा तिचा मोठा गुण. "टिंगल कर, पण फरक पडतो गं. माणसाची नजर बदलते. आपण दिवसभर काय बिघडलं तेवढंच बघतो."

"किती वेळ लागतो लिहायला?"

"दहा मिनिटं. झोपायच्या आधी."

"झोपायच्या आधी मी दूध विरजते, गॅसचं बटण बघते, दुसऱ्या दिवशी नळ येणार असेल तर चारचा गजर लावते. मला दहा मिनिटं सापडली ताई, तर मी झोपेन."

"हे काही मी कुठल्या महाराजांचं ऐकून सांगत नाही. अमेरिकेत एमन्स आणि मॅकलो नावाच्या दोन मानसशास्त्रज्ञांनी प्रयोग केले, २००३ साली छापून आले. काही लोकांना आठवड्याला चांगल्या गोष्टी लिहायला सांगितल्या, काहींना कटकटी. चांगलं लिहिणारे जास्त समाधानी निघाले."

"कोण होते ते लोक?"

"कॉलेजचे विद्यार्थी."

"त्यांचा डबा कोण भरत होतं?"

आम्ही सगळ्याच हसलो. पण ताईने सोडलं नाही. "पोरंच नव्हती. एका प्रयोगात स्नायूंच्या आजाराचे रुग्णही होते. ज्यांना उठायला-बसायला त्रास, त्यांनाही बरं वाटलं. म्हणजे ज्याचं सगळं ठीक चाललंय त्याचंच हे खूळ नाही."

यावर वहिनी काही बोलली नाही, गोळा थापत राहिली. मला वाटतं तिला तो मुद्दा पटला. पटलेल्या मुद्द्यावर ती गप्प बसते, पटला म्हणत नाही.

मग ताईने जे सांगितलं ते मला जास्त मोलाचं वाटलं. "माझ्या घरी सगळा हिशेब चोख आहे. स्वयंपाकाला बाई, भांड्यांना बाई, डबा आला तर डबेवाल्याचे पैसे त्याच दिवशी. आम्हा दोघांची खातीही वेगळी. घरभाडं अर्धं अर्धं, वीजबिल अर्धं अर्धं. कुणाचं कुणाकडे काही राहत नाही. आणि खरं सांगू? काही राहत नाही म्हणून कुणी कुणाकडे बघतही नाही. भाजी चांगली झाली तर मी कुणाला सांगू? तिचे पैसे दिलेत. इथं आले की वाटतं, अजून कुणीतरी कुणाचं तरी देणं लागतं. मी तुझं देणं लागते. हे मला ओझं वाटत नाही, आधार वाटतो."

"देणं लागणं गोडच असतं," वहिनी म्हणाली, "देण्याची तारीख ठरलेली नसली की."

"म्हणजे?"

"खाली ओट्यावर परवा आपल्या सालदाराचा हिशेब होईल. तुमचे भाऊ त्याचा एक रुपया बुडवणार नाहीत, तसा माणूस नाही तो. खाडे धरतील, उचल वजा करतील, आणि निघेल ती बाकी हातात ठेवतील. वर नवे कपडे. त्याचं साल आखाजीला संपतं. माझं कधी संपतं?"

इथे मी थोडं माझं घुसडते. केंद्र सरकारच्या सांख्यिकी खात्याने २०२४ साली देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. त्यात घरकाम करणाऱ्या बाईची बिनपगारी घरकामाची रोजची सरासरी २८९ मिनिटं भरली, म्हणजे पाच तासांना अकरा मिनिटं कमी. घरकाम करणाऱ्या पुरुषाची ८८. लक्षात घ्या, हे सगळ्या पुरुषांचं सरासरी माप नाही, जे करतात त्यांचंच आहे. २०१९ च्या पाहणीत हेच आकडे २९९ आणि ९७ होते. दोघांचाही वेळ नऊ-दहा मिनिटांनी कमी झाला, अंतर जवळपास जिथल्या तिथे. आणि त्यात मुलं, आजारपण, म्हातारपण सांभाळण्याचा वेळ धरलेला नाही, तो वेगळ्या खात्यात जातो. गच्चीवर हे आकडे मी सांगितले नाहीत. आकडे ऐकून वहिनी म्हणाली असती, यासाठी दिल्लीहून माणूस कशाला यायला हवा होता?

ताई मात्र आता गंभीर झाली. "घरातलं सगळं पगारात मोजलं तर घर राहील का गं? आईने आपलं केलं त्याचं बिल लावायचं का? बहिणाबाईंनी लावलं का? आपल्या आसोद्याची बाई. तिसाव्या वर्षी वैधव्य, पदरात तीन मुलं, अक्षराची ओळख नाही. आणि तिला जात्यात, चुलीत, सुगरणीच्या खोप्यात आनंद दिसला. तिच्यापेक्षा जास्त कुणाला तक्रार करायचा हक्क होता?"

खान्देशात वाद कुठूनही निघो, बहिणाबाईंपाशी येतोच. त्यांचं माहेर आसोदे, इथून जवळच. जन्म १८८० चा, लग्न तेराव्या वर्षी जळगावच्या चौधरींकडे. जात्यावर, शेतात, विहिरीवर गाणी सुचत, ती मुलगा सोपानदेव आणि नात्यातले पितांबर चौधरी टिपून घेत. ३ डिसेंबर १९५१ ला त्या गेल्या आणि १९५२ साली अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक निघालं.

वहिनीने हात धोतरावरून उचलला. "ताई, तुम्ही बहिणाबाई पुन्हा वाचा. तिने भाकरीच्या आधी चटका सांगितलाय. आधी हात पोळतो, मग पोटात जातं, हा तिचा क्रम आहे. लग्नपत्रिका छापणारे नि भाषण करणारे चटका गाळतात आणि भाकर तेवढी ठेवतात. आणि ती ज्योतिषाला काय म्हणाली? दारात येऊ नको. माझा हात बघू नको. नवरा गेलेली बाई पुढचं काय ते कुणाला विचारायला गेली नाही. तिने गोड मानून घेतलं असं कुणी सांगितलं तुम्हाला?"

"मी गोड मानून घेतलं म्हणत नाही. मी म्हणते, तिला दिसलं."

"दिसलं. मान्य. पण तिचं कौतुक तिला दिसलं का? पुस्तक निघालं तेव्हा ती नव्हती. आता तिच्या नावाचं विद्यापीठ आहे. जिला सही येत नव्हती तिचं नाव हजारो पदव्यांवर छापतात. चांगलंच आहे. पण आपल्याकडे बाईचे आभार असेच मानतात, तिला ऐकू न जाईल एवढा उशीर करून."

हे २०१८ चं नामकरण. मला स्वतःला त्याचा आनंद आहे आणि वहिनीलाही आहे, तिची लेक तिथलीच पदवी घेणार आहे. पण तिचं म्हणणं खोडता आलं नाही.

इतका वेळ जिजी सावलीत बसून वाळलेल्या धोतरावर मागून पाण्याचा हात मारून कालचे बिबडे सोडवत होत्या. न फाटता बिबडा सुटला की त्या तो उजेडात धरून बघायच्या. त्या म्हणाल्या, "मी आसोद्याचीच. बहिनाबाईवानी आम्ही सगळ्याच दयत होतो. गानं तिलेच सुचलं. दयन्यानं गानं सुचतं असं राह्यतं तं गल्लीगल्लीत पुस्तकं निंघते. तिले डोकं होतं."

"मग जिजी, तुम्ही कुणाचे आभार मानता?" ताईने विचारलं.

"गिरनीचे."

"कशाचे?"

"पिठाच्या गिरनीचे. मी लगन होऊन आली तवा पहाटे तीनले उठून दयाचं. गिरनी आली अन् मले पहिल्यांदा कयलं का पहाटची झोप कशी असते. तुह्या बापानं मले कधी म्हटलं नाही का तू दमली असशीन. गिरनीनं बी म्हटलं नाही, पन तिनं दयून देलं. मंग गॅस आला. धुरानं डोये जायाचे, ते राह्यले. मी सिलिंडरले हळदकुंकू लावते, तुम्ही हसता."

खरंच लावतात. दसऱ्याला सिलिंडर, मिक्सर आणि पाण्याची मोटर, तिघांची पूजा जिजी करतात. देवघरातल्या देवांना रोजचं असतं, म्हणतात, यांना वर्षातून एकदा तरी. मी आजवर ऐकलेल्या कृतज्ञतेच्या प्रवचनांत इतकी नेमकी कृतज्ञता ऐकली नाही. जिजींना कष्ट पवित्र वाटत नाहीत, कष्ट कमी करणारी वस्तू पवित्र वाटते.

ताईने मग सूर बदलला. "बरं, आभारांचं राहू दे. आशेचं काय? बिबडे म्हणजे तरी काय, आशाच ना? पाऊस पडेल, वाघूर धरण भरेल, भाजी महागेल, अवेळी पाहुणा येईल, तेव्हा तळायला काहीतरी असेल. घरातली बाई रोज उद्याची तयारी करते. आशा नसती तर केली असती?"

आशा म्हटल्यावर वहिनी उसळली. "आशेचं मला सांगू नका. आशा माझ्या देवघराच्या दारापर्यंत आली होती."

ती गोष्ट मला माहीत होती, कारण तेव्हा आमच्याही घरात तेच होतं. २०२२ मध्ये कापसाला क्विंटलमागे दहा हजारांच्या वर भाव मिळाला. पुढच्या हंगामात भाव उतरला तेव्हा सगळ्यांनी ठरवलं, थांबायचं. मागच्या वर्षी थांबला तो जिंकला होता. खान्देशात घरोघर कापूस भरला.

"आधी पुढच्या खोलीत," वहिनी सांगत होती. "मग मधल्या. गाद्या उचलल्या, टीव्ही हलवला. मग देवघर. पोरं कापसाच्या ढिगावर उड्या मारायची, पहिले आठ दिवस मजा. मग अंगावर पुरळ उठलं. रात्रभर खाजवायची. डॉक्टर म्हणाला, कापूस काढा. तुमचे भाऊ म्हणाले, अजून पंधरा दिवस, भाव येतोय. असे पंधरा दिवस किती झाले ते मोजलं नाही. मी थंडीत पोरांना घेऊन गच्चीवर झोपले. शेवटी विकला तो आधी मागत होते त्याहून कमी भावाने. आशा त्यांची होती, खाज आम्हाला होती."

"दादाने तुमच्याचसाठी थांबवला ना? त्याला का हौस होती?"

"आमच्याचसाठी. तेही मी नाही म्हणत नाही. सकाळ-संध्याकाळ भाव बघायचे, जेवण जात नव्हतं. पण थांबायचं की विकायचं, हे मला एकदा विचारलं असतं तर मी अर्धा विकला असता. अर्ध्यात पोरीची फी निघाली असती आणि मधली खोली मोकळी झाली असती. आशा करू नका असं मी म्हणत नाही ताई. भरायच्या आधी विचारा एवढंच म्हणते. बिबड्यांचं तसं नाही. किती ज्वारी भिजवायची ते मी ठरवते. डबे भरले की थांबते. ही आशा माझ्या मापाची."

"आणि तुला कुणाचेच आभार मानावेसे वाटत नाहीत?"

वहिनीने माझ्याकडे बोट केलं. "मागच्या महिन्यात मला ताप होता. नळाच्या दिवशी यांनी स्वतःच्या टाक्या भरून माझ्याही भरल्या. मी थँक्यू म्हटलं का, विचारा. नाही म्हटलं. यांच्या बिबड्यांना मी दोन पहाटा जाणार आहे. बरोबरीच्या माणसांत आभार मानायचे नसतात, पाळी धरायची असते. आभार मानतात ते जिथं पाळी उलटणार नसते तिथं."

या वाक्यावर ताई बराच वेळ अडली. तिने दोन बिबडे थापले, दोन्ही जाड झाले.

आता जे झालं ते मी लिहावं की नाही, याचा विचार केला. दोघींनी लिहायला हरकत नाही म्हटलं. वहिनी म्हणाली, "ताई, राग मानू नका. बाबा गेल्यावर तुम्ही हक्कसोड लिहून दिली. कायद्याने तुमचा वाटा होता. तुम्ही मागितला नाही, कुणी विचारलाही नाही. तयार कागद समोर आला, तुम्ही सही केली. त्या वर्षी आखाजीला तुम्हाला साडी घेतली. पैठणी होती, भारी होती. तुम्ही म्हणालात, माहेर तुटू नये, बाकी काही नको. तुम्ही कृतज्ञ होता. कुणाला काय मिळालं?"

"जमीन दादाला मिळाली. म्हणजे तुलाच ना?"

"मला? सातबारा काढा ऑनलाइन. माझं नाव कुठे दिसतं ते दाखवा. तुमच्या सहीने तुमचं गेलं, माझं आलं नाही."

गच्चीवर चौघी बाया. एकीने जमीन सोडली, एकीने ती तीस वर्षं निंदली, एकीने त्याआधी चाळीस. उताऱ्यावर तिघींपैकी एकीचंही नाव नाही. चौथी मी. माझ्या घरचा उतारा काही वेगळा नाही.

तेव्हा मी तोंड घातलं, कारण या वादाचं एक उत्तर आमच्याच जिल्ह्यात एकदा दिलं गेलं होतं. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन १९८६ मध्ये चांदवडला झालं, नाशिक जिल्ह्यात. लाखोंनी बाया जमल्या. त्यानंतर काही वर्षांत लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम निघाला. शेतकऱ्याने स्वखुशीने जमिनीचा तुकडा बायकोच्या नावावर करायचा. गावातल्या शंभर घरांनी केलं की ते गाव लक्ष्मीमुक्त. जळगाव जिल्ह्यातलं विटनेर हे त्यातलं सुरुवातीचं गाव. जोशींनी शेतकऱ्यांना काय सांगितलं ते इथे महत्त्वाचं. मालाला भाव मागताना तुम्ही म्हणता, आमच्या घामाचे पैसे बुडवले. मग घरातल्या लक्ष्मीच्या घामाचे कुणी बुडवले? सरकारचं देणं मागण्याआधी घरातलं देणं फेडा.

"बघ," ताई म्हणाली. "देणंच म्हणाले ना? उपकाराची जाणीवच जागी केली. नुसता हक्क मागून विटनेरने जमीन दिली असती?"

"नसती दिली," वहिनी म्हणाली. "पण नुसती जाणीव करून देऊन थांबले असते तर वहीत पाच ओळी झाल्या असत्या. ते तलाठ्यापर्यंत गेले."

मला विचाराल तर विटनेरमध्ये दोघींचंही खरं ठरलं, पण सारख्या वजनाने नाही. ताईच्या म्हणण्याशिवाय सुरुवात झाली नसती हे खरं. घर हिशेबाने उभं राहत नाही, कुणाच्या तरी लक्षात येण्याने उभं राहतं. पण ते ज्याच्या लक्षात यायला हवं तो घेणारा असतो, देणारी नव्हे. आपल्याकडे नेमकं उलटं चालतं. दिवसभर राबणाऱ्या बाईला सांगतात, समाधान मान, मिळालं त्यात सुख बघ, वही घे नि लिही. ओट्यावर बसून चहा पिणाऱ्याला कुणी वही देत नाही. ताईची वही मला वाईट वाटत नाही. ती वहिनीच्या हातात देण्याआधी दादाच्या हातात द्यावी, एवढंच.

जिजी म्हणाल्या, "मंग सांग ना तुह्या भावाले."

"आखाजीच्या दिवशी?" ताई दचकलीच. "सणाला असं कसं काढू?"

"सालदाराचं काढता ना," वहिनी म्हणाली. "आणि पितरांचंही त्याच दिवशी. मेलेल्यांसाठी घागर भरतो, सांजोऱ्या करतो, वर्षातून दोनदा आठवण काढतो. मी तर जिवंत आहे."

ताईने सांगितलं. आखाजीच्या संध्याकाळी, सालदाराचा हिशेब मिटल्यावर, त्याच ओट्यावर. दादा आधी हसला, मग म्हणाला, बघू. वहिनीचं म्हणणं, 'बघू' हे कापसासारखं आहे, पंधरा पंधरा दिवसांनी पुढे जातं. ताई पुण्याहून दर रविवारी फोन करून विचारते. तिच्या वहीत सध्या सहावी ओळ असते म्हणे, दादाने काय केलं याची. बहुतेक वेळा कोरी.

त्याला, आणि त्याच्यासारख्या इतरांना, सोयीचं जावं म्हणून इथे लिहून ठेवते. शेतकरी संघटनेच्या त्या कार्यक्रमानंतर सरकारनेही १५ सप्टेंबर १९९२ ला लक्ष्मीमुक्तीचं परिपत्रक काढलं. त्यानुसार नवऱ्याने स्वतःहून अर्ज दिला तर त्याच्या हयातीत बायकोचं नाव सातबाऱ्यावर सहहिस्सेदार म्हणून लावता येतं. खरेदीखत करावं लागत नाही. अर्ज गावच्या तलाठ्याकडे द्यायचा, त्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. साधा अर्ज, उतारा, दोघांची ओळखपत्रं. फेरफार नोंदला जातो आणि मंजूर झाला की नाव लागतं. अट एकच आहे, अर्ज नवऱ्याने करायचा असतो, बायकोला तो करता येत नाही. म्हणून घरातल्या बाईने हा लेख वाचून झाल्यावर, ज्याच्या नावावर सातबारा आहे त्याच्या हातात द्यावा.